आईच्या मोरपिशी बांगड्या

चामराजपेट, संक्रांत, १९६४

अक्का तिळगूळ द्यायला आली. हातात नव्या मोरपिशी बांगड्या. पुन्हा प्लेगचं साल आठवलं. गावोगाव माणसं मरत होती. आम्ही घराला कुलूप लावून माळावर झोपडीत राहिलो. आई तिथेच गेली. मी पाच वर्षांचा, अक्का आठाची. झोपडीच्या दारातून मोरपिशी बांगड्यांचा हात ‘लांब राहा’ म्हणून हलतोय, एवढीच आई माझ्यापाशी उरली. पण हे मी पाहिलं, की अक्कानं सांगितलेलं? आज विचारलंच.

“मी कशी सांगणार रे? मला मामाकडे धाडलं होतं. बांगड्यांचा रंग तूच सांगितलास. बांगडीवाला हिरव्या काढतो, मी दरवर्षी मोरपिशीच मागून घेते.”

म्हणजे तो हात मीच पाहिला. मोरपिशीच होत्या ना? होत्या. असाव्यात.