मंगलच्या रानातले करकोचे

३० नोव्हेंबर, रवि.
करकोचे आले! मंगळवेढ्याच्या अलीकडे, मंगलच्या रानाला लागून जो तलाव आहे त्यावर. पक्षी बघायच्या नादातला माझा जोडीदार गड्डम आणि मी सकाळी सातला बांधावर. आधी आवाज, मग दिसले. हिमालय ओलांडून येतात आणि उतरतात कुठं, तर माझ्या धाकट्या बहिणीच्या दारात. उगाच छाती फुगली.

गड्डमनं फोटो काढले. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाक, पण जागा सांगू नकोस, असं मी बजावलं. "तुझा कुणावर तरी विश्वास आहे का रे?" म्हणाला. नाही. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला. माणसं स्वतःच्या डोळ्यांबद्दलसुद्धा खोटं बोलतात.

नंतर मंगलकडे चहा. दाजी घुश्श्यात. पाऊस लांबला, हरभरा उशिरा पेरला, त्यात उगवण विरळ. "पाखरं बघाया येताय, तर जाताना जरा हाकलून तरी जावा की." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

७ डिसें., रवि.
करकोचे थेट हरभऱ्यात. दाजी नांगे भरत होते. उगवलं नाही तिथं पुन्हा बी टोकायचं. घमेल्यात बघितलं तर बी गुलाबी, औषध चोळलेलं.
"एवढं औषध?"
"बुरशी लागती. समदेच लावत्यात."
खरंय, सगळेच लावतात. पण वास वेगळा वाटला. काही बी मातीवर उघडंच पडलेलं. घाईत राहिलं की...

घरी सौ.ला सांगितलं. "तुम्ही दूधवाल्याच्या मापावर संशय घेता, आता घरच्या माणसांवर पण?" विषय बंद.

१४ डिसें., रवि.
दोन मेलेले. एक हरभऱ्यात, एक पाण्याकाठी. जखम नाही. विजेची तार जवळपास नाही. कुत्र्यांनी शिवलेलंही नाही. उचलला तर किती हलका! एवढ्याशा जिवानं एवढं अंतर कापलं. रडू आलं. गड्डमसमोर लाज वाटली नाही.

गड्डम लगेच वनखात्याला फोन लावायला निघाला. मी त्याचा हात धरला. का धरला ते त्याला कळलं, रान कुणाचं आहे हे त्याला माहीत आहे.
"मग तूच विचार तुझ्या दाजींना. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो. त्यापुढं नाही."
फोटो त्याच्याकडे आहेत. पक्षी मी पुरले. आता वाटतंय, तपासणीला ठेवायला हवे होते. गड्डम बघत होता. तो माझ्यावरही संशय घेत असेल. मी घेतला असता.

१५ डिसें.
डोक्यातून जात नाही. केस झाली तर दाजी आत. मंगलचं काय? लग्न मीच जमवलं होतं. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, एवढंच बघितलं. राग बघितला नव्हता.
आज एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो अर्ध्या रस्त्यातून परत आला.

१८ डिसें.
मंगलनं एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवी पाठवली. हरभऱ्याची कोवळी भाजी, स्वतः खुडलेली. दरवर्षी पाठवते. सौ. देवळात गेली होती. मी भाजी तीन पाण्यांनी धुतली.
सौ. आल्या आल्या चाळणीकडे बघून ओरडली, "हरभऱ्याची भाजी कुणी धुतं का? पानांवरची आंबट आंब गेली की सगळी!" मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हळूच म्हणाली, "मंगलनं पाठवलेली धुतलीत?"
दोन घास खाल्ले. चोथा. सौ.नं ताटात घेतलीच नाही. धुतली म्हणून की भीतीनं, विचारलं नाही.

२० डिसें., शनि.
दुकान पोराच्या हवाली करून एकटाच मंगलकडे. दाजींना सरळ विचारलं, बियाला काय लावलं होतं?
"इचारताय का आळ घेताय?"
"डबा दाखवा."
"भंगारात गेला."
सोयीचं आहे. आवाज चढला. "रान माझं हाय, तुमच्या पाखरांचं न्हाय! मुद्दाम मारायला येडा हाय का मी?" खरं बोलत असतील. ताडकन उठून बाहेर गेले. रागानं की भीतीनं? मंगल भाकरी थापत होती. सतत बडबडणारी, पण आज मान वर केली नाही. शेवटची एसटी चुकली. मुक्काम.

२१ डिसें., रवि.
उजाडताना जाग आली ती ताटाच्या आवाजानं. बाहेर आलो. रानात मंगल, डोक्याला टॉवेल गुंडाळून. करकोचे उतरायला आले की ही ताट बडवत धावायची. ते वर घिरट्या घालायचे, पुन्हा खाली.
"दाजी कुठायत?"
"झोपल्यात."
"रोज येतेस?"
"रोज. हितं बसू द्यायची न्हाईत, बास."
"पिकासाठी?"
तिनं डोक्याचा टॉवेल घट्ट आवळला. मग म्हणाली, "दादा, तुला दोनच गावली. त्याच्या आदीची मी पुरली."

"मुद्दाम केलं त्यांनी?"
"मी इचारलं न्हाय. मुद्दाम केलं म्हनले, तर मी त्या घरात कशी ऱ्हाऊ?"
रडत नव्हती. तिचं सगळं लक्ष आभाळाकडे. दम लागला होता, बोटं गारठून लाल. मी ताट मागितलं. आधी देईना, मग दिलं. ती बांधावर बसली आणि मी वाजवत धावलो. ज्यांची वर्षभर वाट बघतो त्यांना हाकलत. वाईट वाटत होतं आणि तरी जोरात वाजवत होतो.
खिशात फोन वाजत राहिला. गड्डमचा. अजून त्याला उलट फोन केलेला नाही.