खाटेखालची चटई

प्रिय भिंगरी,

बाळाची झबली नेलीस, खुळखुळा नेलास, माझी चांगली दुलईसुद्धा नेलीस, आणि स्वतःची व्यायामाची निळी चटई मात्र इथेच विसरलीस. बाळ विसरली नाहीस, हे आमचं नशीब. मला अक्षर ओळखता येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि तुझा बाप लिहितोय. एक शब्द गाळायचा नाही, असं त्याला बजावलंय. चष्मा लावून शहाण्यासारखा बसलाय. किती वेळ टिकतो बघू.

चटईच्या गुंडाळीत तुझ्या फिजिओथेरपीवाल्या बाईंचा चित्रांचा कागद सापडला. चित्रं मला वाचता येतात. त्यामुळे रोज सकाळी मी गुडघे दुमडून चटईवर पडते, श्वास घेते, आणि सोडताना खालून हळूच आवळते, लघवी अडवल्यासारखं. (इथे बापाचं पेन थांबलं. लिही म्हटलं.) पहिल्या दिवशी शेजारीण किल्ली द्यायला आली, मला डोळे मिटून जमिनीवर पडलेली बघितली आणि किंचाळलीच. मी म्हटलं, बाई, फक्त श्वास सोडतेय, जीव अजून आहे. आता तीही येते, स्वतःची उशी घेऊन.

कागदावरचं बारीक अक्षर बापाने वाचून दाखवलं. सहा आठवड्यांनी तपासणी, तोवर थोडं चालणं आणि हा श्वास, बस. पुढेही व्यायाम करताना पोटाच्या मधोमध उंचवटा आला, खाली जड वाटलं किंवा नकळत ओलं झालं, तर थांबायचं आणि बाईंना सांगायचं. आणि तू फोनवर काय म्हणालीस? सोमवारपासून पुन्हा तुझा तो पिलाटेसच्या व्यायामाचा क्लास घेणार, दोन्ही पाय हवेत धरून! बाळ पाच आठवड्यांचं. शिकवणारीला कसली आलीय तपासणी, म्हणे.

आता माझं ऐक. हा तुझा बाप जन्मला तेव्हा मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होते. बाराव्या दिवशी कामावर हजर. ओल्या चादरींची टोपली दोघींनी उचलायची असते, मी एकटीने उचलायचे. बायका वाहवा करायच्या, मी फुगायचे. तेव्हापासून कुठेही गेले की आधी संडास कुठे आहे ते बघते. मी गंमत सांगते, सगळे लोळतात आणि मी मख्ख बसते, ती माझी कला आहे असं तुम्हाला वाटतं ना? कला कसली! हसले तर लुगडं बदलावं लागतं. पंचावन्न वर्षं कोणाला बोलले नाही. बाप आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. कान लाल झालेत, आणि चष्मा उगाचच पुसतोय.

तू निघालीस त्या दिवशी दारात तुला शिंक आली. बाळ छातीशी होतं. तू झटकन पायात पाय घातलेस, चौकट धरलीस, आणि मग आमच्याकडे बघून काही झालंच नाही असं हसलीस. बाकीच्यांनी शिंक ऐकली, मी पाय बघितले. ते माझे पाय होते, पोरी. म्हणून हे पत्र. चटई माझ्या खाटेखाली आहे. तू दुसरी विकत घेशील, एवढं मलाही कळतं. पण आता बापालाही ठाऊक झालंय, त्याच्यापुढे तुझं नाटक चालायचं नाही. सोमवारी क्लास नाही. त्या बाईंकडे जायचं आणि शिंकेचं खरं सांगायचं. त्यांनी हो म्हटलं की बाप चटई घेऊन येईल. त्याच्या हाती सुकी अंजिरं पाठव, अर्धा किलो. बदाम नकोत, दात उरलेत चार. संडासला जोर लावायचा नाही, असंही त्या कागदावर आहे. आणि निम्मी तू खा.

तुझीच,
न हसणारी आजी