कडू बुचाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त कंपाउंडर, राहणार दुमजली घराच्या तळमजल्यावर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत व स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणण्याची हिंमत या घरात आजवर कोणी केलेली नाही. डॉक्टरीणबाईंनी माझं हृदय तपासून सांगितलं आहे की हा उन्हाळा नीट जाईल, पुढच्याची खात्री त्या देत नाहीत. म्हणून आताच लिहिते.

कलम १. तळमजल्याच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बँकेत उरेल ते माझ्या भाच्याला. तो नळदुरुस्ती करतो. जगाचे नळ दुरुस्त करतो आणि मावशीच्या मोरीतला नळ चार वर्षं टपटपतो आहे. घर त्याचं झालं की थांबेल, अशी आशा. त्याच्यावर माझा राग नाही. दाराशी आला की आधी "मावशी, जेवलीस का?" विचारतो, तेवढ्यावर त्याला सगळं माफ आहे.

कलम २. निवृत्तीच्या वेळी दवाखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला. ते पाच मिनिटं पुढे आहे. वीस वर्षं तो मला "पाच मिनिटांत देतो" म्हणून उभी करत आला. ती पाच मिनिटं त्याला लखलाभ.

कलम ३. औषध मोजायचा रेघांचा काचेचा ग्लासही भाच्यालाच, आणि त्याबरोबर उन्हाळ्याच्या सरबताची कृती. साखरेचा पाक करून पूर्ण निवू द्यावा. मोगऱ्याच्या कळ्या गार पाण्यावर सोडून झाकाव्यात आणि रात्रभर हात लावू नये. फूल उकळलं की वास मरतो. तुती फडक्यातून पिळून रस घ्यावा. लिंबं पिळताना शेवटच्या थेंबाची हाव धरू नये, कडवटपणा त्या थेंबात असतो. लिंबाचा रस ऐंशी मिलिलीटर, पाक एकशेवीस, तुतीचा रस साठ, बाकी लिटर भरेपर्यंत मोगऱ्याचं पाणी. रंग गुलाबी यावा. कळ्या किती, याला माझ्याकडे माप नाही. कळ्या वरची घालायची, मुठीने.

कलम ४. वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची शिवणवाली. माझी मैत्रीण. टेप न लावता कापड कापते आणि अंगाला बरोबर बसतं, याचा मला आयुष्यभर राग आला. ती मला थेंबमोजी म्हणायची. लिंबाचं झाड माझ्या अंगणात, मोगरा तिच्या गच्चीवर. उन्हाळ्यात सकाळी ती दोरीला टोपली बांधून कळ्या खाली सोडायची, त्याच टोपलीतून मी लिंबं वर धाडायची. असे सव्वीस उन्हाळे गेले.

नऊ वर्षांपूर्वी तिची लेक नोकरीसाठी दूर निघाली. निरोपाला सगळी गल्ली अंगणात जमली होती. सरबताचा पहिला घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. कडू जहर. मी सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "तुझं सगळं अंदाजपंचे! फुलं तरी धुतली होतीस का? पोरीच्या तोंडची चव घालवलीस." तिने ग्लास गोळा केले आणि जिना चढून गेली. दुसऱ्या दिवशी दोरी काढलेली होती. खिळा अजून आहे.

गेल्या उन्हाळ्यात कपाट आवरताना पाक भरायची ती बाटली सापडली. दवाखान्यातून आणलेली, कडू टॉनिकची. त्या वेळी बाटली मी स्वतः उकळून घेतली होती. बूच उकळलं नव्हतं. तीन दिवस बाटली आडवी पडून होती आणि पाक त्या बुचाला टेकलेला. मी बूच जिभेला लावलं. तीच चव.

एकतीस वर्षांच्या नोकरीत एक बाटली चुकली नाही, ही माझी शेखी. घरी चुकली, आणि खापर तिच्या डोक्यावर फोडलं. हे कळूनही वर्ष झालं. गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाही, असं मी सांगत असते. दवाखान्याचा जिना याहून उंच आहे, तो चढते. खरं म्हणजे मला लाज वाटते. चूक माझी होती, तिची कधीच नव्हती, आणि तिच्यावाचून मला करमत नाही. बूच टेबलाच्या खणात आहे. माझ्यानंतर ते तिला दाखवावं.

<s>कलम ५. अंगणातलं लिंबाचं झाड वरचीला.</s>

कलम ५ खोडल्याबद्दल खुलासा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार त्याने साक्ष करू नये, असं वकीलबाईंनी सांगितलं. एक डॉक्टरीणबाई. दुसरं कोण, असा प्रश्न पडला आणि मी नको म्हणायच्या आत भाचा जिना चढून गेला.

ती आली. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. माझ्याकडे न बघता खुर्चीच्या कडेवर बसली. वकीलबाईंनी सगळी कलमं मोठ्याने वाचली. चौथं संपलं तेव्हा मोरीतला नळ तेवढा ऐकू येत होता.

"बूच?" ती म्हणाली.

"बूच."

"अगं, नऊ वर्षं मला वाटतंय, माझ्याच हातून काहीतरी पडलं असेल त्यात. लेकीला फोनवरसुद्धा सांगितलं, माझंच चुकलं म्हणून."

मी खण उघडून बूच तिच्या हातात दिलं. माफ कर म्हणाले. जन्मात पहिल्यांदा म्हणाले, त्यामुळे नीट जमलं नाही. तिने बूच जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, आणि मग आम्ही दोघी रडलो. डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी धरून ठेवली होती.

वकीलबाई म्हणाल्या, "आता ठरवा. झाड हवं की सही करणार? दोन्ही नाही चालायचं."

"झाड काय, ही मेल्यावर मिळणार," वरची म्हणाली. "सही आज आहे. आणा ते पेन इकडे."

म्हणून कलम ५ रद्द. झाड भाच्याला. त्याने लिंबांचं काय करावं हे मी लिहीत नाही. मावशीच्या न लिहिलेल्या गोष्टीही त्याला कळतात.

हे सर्व मी वाचून, समजून, उमजून सही करत आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर. दिनांक: एकोणीस एप्रिल.

सही: खालची

साक्षीदार १: यांनी माझ्यासमोर सही केली. शुद्ध पूर्ण, नाडी किंचित जलद. — डॉक्टरीणबाई

साक्षीदार २: हिने माझ्यासमोर सही केली. डोकं ठिकाणावर आहे, हट्टीपणा होता तेवढाच आहे. कृतीत दुरुस्ती: कळ्या दोन मुठी, मूठ माझी. वकीलबाई म्हणतात हे इथे लिहायचं नसतं. टोपली उद्या सकाळी सोडते. — वरची