गिळलेला गॅस

लीड्स,
१८ जानेवारी २०२५

प्रिय वन्सं,

नमस्कार आणि उशिराचा तिळगूळ. तुमचे गुडघे आता बरे असतील आणि भावजींनी गोड खाणं कमी केलं असेल, अशी आशा करते. खात्री नाही. इथे थंडी मरणाची, बाकी मी मजेत.

आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय, त्याचा फॉर्म तुम्ही पाठवलात आणि तीनदा आठवणही करून दिलीत. ह्यांची माहिती भरली. जाण्याची तारीख लिहिताना हात जरा थांबला. माझीही भरली. लेकीच्या, दियाच्या नावापुढचा ‘पदवी’ हा रकाना मात्र कोराच राहिला. त्यासाठीच हे पत्र. फोनवर मला जमत नाही. तुम्ही मला बोलू देत नाही आणि मला तेच सोयीचं पडतं.

पण आधी डिसेंबरात काय झालं ते ऐका.

माझं डोकं महिनाभर दुखत होतं. मी पित्त समजले. सुंठ उगाळून लावली, कोकम सरबत प्यायले. बाजारात गेलं की बरं वाटायचं, घरी आलं की पुन्हा सुरू. एकटीला घर खायला उठतं म्हणून होत असेल, असं म्हणून मी स्वतःवरच चिडले.

आमचा बॉयलर, म्हणजे घर गरम ठेवणारं आणि पाणी तापवणारं गॅसचं यंत्र, बावीस वर्षांचा. तो स्वयंपाकघरातली हवा घ्यायचा आणि धूर नळीतून बाहेर सोडायचा. त्याला हवा मिळावी म्हणून भिंतीत झरोका आणि झरोक्याखाली माझा देव्हारा. असा वारा यायचा की निरांजन टिकेना. मग मी काय केलं? हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस आपल्याकडे कधी संपतात का? पाच घेतले आणि झरोका गच्च बुजवला. त्यात तुमचा मोरपंखीही होता. निरांजन छान तेवायला लागलं, मी खूश.

रविवारी दिया आली. खिडक्यांवरून ओघळणारं पाणी पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि थेट बॉयलरच्या काचेतून आत डोकावली.

“आई, हा ज्योत पिवळा का आहे? ब्लू पाहिजे!” तिचं व्याकरण तुम्हाला ठाऊकच आहे. “आणि व्हेंट कुठे गेला? कोट घाल. आत्ता.”

“अगं, आमटी उकळतेय...”

“आमटी राहू दे! आऊट, मम, नाऊ!”

गॅस बंद, दारं-खिडक्या सताड उघडी आणि मी गाऊनवर कोट घालून फुटपाथवर. तिथून हॉस्पिटल. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. हवा कोंडली की गॅस अर्धवट जळून होणारा हा विषारी वायू, त्याला ना रंग, ना वास. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं? मी म्हटलं, “माय डॉटर. शी इज अ गॅस इंजिनिअर.”

वन्सं, त्यातला ‘गॅस’ मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

इथे बॉयलर दुरुस्त करणाऱ्यालाही इंजिनिअर म्हणतात. दियाने युनिव्हर्सिटी पहिल्याच वर्षी सोडली आणि हे काम शिकली. मी तुम्हाला ‘इंजिनिअर झाली’ एवढंच सांगितलं. तुम्ही बी.ई. समजलात, पेढे वाटलेत, आणि मी वाटू दिले.

याहून वाईट सांगायचं राहिलंय. दर हिवाळ्यात ती म्हणायची, “आई, मी करते ना सर्व्हिस.” मी म्हणायचे, माझ्या घरी तू लेक म्हणून ये, पाना घेऊन नको. दुसऱ्या कुणाला तरी बोलावते म्हणायचे आणि बोलवायचे नाही. तिची व्हॅनसुद्धा मी पलीकडच्या गल्लीत लावायला सांगायचे. ती मुकाट्याने लावायची. मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी मी जीव गमावून बसले असते.

नवा बॉयलर तिनेच बसवला. मी दिवसभर स्टुलावर बसून बघत होते. भिंतीला गोल भोक पाडलं, धुराची नवी नळी बाहेर काढली, मग विषारी वायू मोजणारा मीटर लावून पुन्हा पुन्हा तपासलं. मी म्हटलं, “झालं की गं.” तर म्हणते, “झालं ते मीटर सांगेल, तू नाही.” मला तिचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. माझे डोळे पाहून तिने आधी मीटर पाहिला!

फॉर्म सोबत आहे. पदवी: नाही. व्यवसाय: गॅस इंजिनिअर. ‘गॅस’सकट छापा. समितीत कुणी नाक मुरडलं, तर आमच्या घराची नोंदच गाळा. माझी हरकत नाही. तुम्हाला मी फसवलं, त्याबद्दल मात्र रागवा. तो तुमचा हक्क आहे.

माझ्या नावापुढे ‘हयात’ लिहिलंय, ते नीट तपासून लिहिलंय.

दियामुळे हयात,
तुमची नीना