एकाच नावाची माणसं

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते. सिविल लाइन्समधल्या तुमच्या बंगल्यातली मागची खोली मला आठवते. नागपूर महाराष्ट्रात गेलं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं, इथल्या मराठी माणसाला कोणी विचारेना, तेव्हा तुम्ही थेट मध्ययुगातल्या आयर्लंडमध्ये जाऊन बसलात. तिथल्या जुन्या बखरींत एकाच नावाचे कवी, मठातले साधू आणि राजांचे कारभारी ढिगाने सापडतात. त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं हे तुमचं आयुष्यभराचं काम. एका उल्लेखाला एक कार्ड, आणि मृत्यूची नोंद पाहिल्याशिवाय दोन माणसं एक करायची नाहीत.

मी केली. एक कारभारी नोंदींतून नाहीसा होतो आणि दोन वर्षांनी त्याच नावाचा साधू एका मठात दिसतो. मला त्यात काहीच नवल वाटलं नाही. माझे वडील नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन परतले. नाव तेच, माणूस दुसरा. तसाच तोही राजाला सोडून मठात गेला असेल, असं मी प्रबंधात लिहिलं. तुम्ही ते प्रकरण वाचलंत आणि "चलो, ठीक आहे" म्हणालात. मग तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, तुम्ही खिशातून एक कार्ड काढता. कारभारी लढाईत मारला गेल्याची नोंद. महिनाभर आधीच ते तुम्ही खोक्यातून काढून ठेवलं होतं. "तुमच्या वस्तीत माणसं एका दिवसात बदलतात. सगळीकडे तसं नसतं, बाई." परीक्षक हसतात, मी खाली बघते. पदवी गेली, तिच्या भरवशावर मिळणारी कॉलेजातली नोकरी गेली, आणि मी जन्मभर सहावीच्या वर्गाला इतिहास शिकवला.

तुम्ही गेल्यावर तुमच्या बायकोने, काकूंनी, मलाच बोलावलं, कारण कार्डांच्या खोक्यांची रचना दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. एक ग्रंथालय ती घ्यायला तयार होतं, फक्त कोणीतरी काम तपासून द्यायचं होतं. मी चार दिवस कार्डं पाहिली. एकही चूक सापडली नाही, आणि त्याचाही मला राग आला. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकू, सरांनी माणसं एकमेकांत मिसळून टाकली आहेत. हे देऊ नका, त्यांचंच हसं होईल." त्यांनी कप खोक्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "मग ह्यांनी तुला काहून नापास केलं गं?" कमानिया गेटजवळचा रद्दीवाला दुसऱ्याच दिवशी सगळं घेऊन गेला.

काकू अजून आहेत. हे पत्र टाकायचं तर पत्ता तोच आणि उघडणार त्याच, म्हणून टाकत नाही. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते. दर रविवारी त्या तुमच्या वतीने माझी माफी मागतात, आणि मी मागू देते.