घरचा हँडओव्हर

४ मे

पीपीई किटमध्ये तहान मरते, भूक मरते, आठवण तेवढी मरत नाही! ही साथ आल्यापासून आम्हा नर्सेसना लॉजवर ठेवलंय. खोली बरी आहे — पलंग, खुर्ची आणि मी. घर हाकेच्या अंतरावर, पण जायची सोय नाही.

संध्याकाळी ह्यांचा फोन. आम्ही त्याला हँडओव्हर म्हणतो — ड्यूटी संपताना आम्ही एकमेकींना पेशंट सोपवतो ना, तसं. "सिस्टर, पेशंट वय चार. सकाळपासून तोंडाची टकळी चालू. औषधाला नकार, बिस्किटाला होकार." हसून हसून पोट दुखलं. फोन ठेवला आणि रडले.

९ मे

लेकीनं फोनवर पापा घेतला. स्क्रीनचा! "आई, तुला लागला का?"

लागला गं.

१३ मे

खिडकीजवळच्या कॉटवरचे आजोबा गेले. कालच म्हणाले होते, "किटमध्ये तुम्ही सगळ्या सारख्याच, पण तुझी बडबड बरोब्बर ओळखतो हां!" आज त्यांची चादर बदलतानाही मी बडबडतच होते. कुणाशी, देव जाणे.

इनचार्जबाईंनी पाहिलं. खांद्यावर हात ठेवला — किटवरून का होईना, हात! वाटलं, त्यांनी काढूच नये. म्हणाल्या, "घरी जाऊन ये पोरी. माणसांत ये जरा."

१४ मे

रजा मंजूर! चाचणी निगेटिव्ह आली की सुटले. जीव नुसता टांगणीला. लेकीच्या मानेचा वास आठवत बसलेय — घाम आणि पावडर. नाक खुपसून तिथंच झोपायचंय मला.

१७ मे

निगेटिव्ह! घरी आले. दार उघडलं, ती धावत आली — आणि मी किंचाळले, "लांब! हात लावू नकोस!" वॉर्डात नव्या मुलींवर खेकसते ना, तस्सं. ती जागच्या जागी थांबली. रडलीसुद्धा नाही.

अंघोळ केली. परत केली. "अगं, निगेटिव्ह आहेस तू," हे म्हणाले. मला कळतं हो. हातांना कळत नाही, त्याला काय करू?

ती समोर जेवत होती. मी दुसऱ्या टोकाला बसून तिला धाप लागतेय का बघत होते. लॉजवर होते तेव्हा निदान फोनवर तरी हसायची माझ्याशी.

१९ मे

आज ती बाबाच्या कानाला लागली. "आई कधी येणार?"

मी तिथंच बसले होते — मास्क लावून, हात मांडीखाली दाबून.