एक लाख वीस हजार चौकोन

अप्पा, तुम्ही विचारलं होतं, "म्हंजे किती?" आणि मला सांगता आलं नव्हतं. आज सांगतो. सोळाशे आडवे, बाराशे उभे. गुणले की एकोणीस लाख वीस हजार. मेगा म्हणजे दहा लाख आणि पिक्सेल म्हणजे तुम्ही चादरीची नक्षी भरायचात त्या ग्राफावरचा एक चौकोन, बस्स, त्यात दुसरं काही नाही. कंपनीवाले एकोणीस लाख वीस हजाराला सरळ वीस लाख धरतात आणि डब्यावर छापतात, दोन मेगापिक्सेल. ऐंशी हजार चौकोन खाल्ले म्हणून तुम्ही त्यांच्या अंगावर धावून गेला असता, मला माहीत आहे. पण फोन दोन मेगापिक्सेलचाच होता. मी खोटं बोललो नव्हतो, मला फक्त सांगता येत नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे तुम्ही कधीच मान्य केलं नाही.

कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशी. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाठ लावून बसलाय, ताटात भाकरी, शेंगाचटणीवर तेल. आई तव्यापाशी. मी तो कुणाचा तरी वापरलेला फोन घेऊन आत येतो आणि म्हणतो, "अप्पा, दोन मेगापिक्सेल हाय." तुम्ही घास मोडत विचारता, "म्हंजे किती?" मी म्हणतो, "लई भारी असतंय." "लई म्हंजे किती ते इचारलो की मी." मी फोनच उलटापालटा करून बघतो. "ज्याला मोजता येत न्हाय त्यानं बढाई मारू न्हाय. नववीत दोनदा बसलास ते उगंच न्हाय." आई म्हणाली, "पोराला जेवायला तरी बोलवा की आदी, मग बोला काय बोलायचं ते." मला एवढा राग आला की काय करावं कळेना, म्हणून मी फोन वर केला आणि तुमचा फोटो काढला. तुम्ही हात आडवा धरला, "बास की आता." तो तुमचा फोटो. दुसरा नाही. मतदान कार्डावर आहे तो नुसता काळा डाग आहे, आणि लग्नात फोटोवाला बोलवायची ऐपत नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात तर तुम्ही गेलातच.

मी आता शारजात आहे अप्पा. मोठमोठ्या जाहिराती छापतो आम्ही, सहा मजली इमारतीवर लावायच्या. नववी नापास माणसाच्या हाताखालून इथं रोज साबणाच्या बायका आणि नव्या गाड्या जातात. साहेब लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि म्हणतात, मोठं करून दे. मी आधी आडवे किती, उभे किती ते बघतो. ही सवय तुमचीच, पण तुम्ही शिकवली म्हणून लागलेली नाही. तुम्ही मला ग्राफाला हात लावू दिलात कधी? मी लांबून बघून घेतलं. चादरीवरचा मोर दुप्पट करायचा असला की तुम्ही मालकाला म्हणायचा, "दुप्पट न्हवं मालक, चौपट. आडवा बी वाढतोय, उबा बी वाढतोय." मग लाल रंगात ब्रश बुडवून एकेक चौकोन भरायचा, एक चौकोन म्हणजे मागावर एक धागा उचलला जाणार. भरून झालं की ग्राफ खिळ्याला टांगायचा, आणि तुम्ही उलट्या पावली शेडच्या दारापर्यंत जायचा आणि डोळे बारीक करायचा. जवळून मोर दिसत नाही, जवळून नुसते लाल चौकोन. दारातून मोर.

आता मुद्द्याचं सांगतो. अक्कानं मोहोळला घर बांधलं. दाजी चिंचोळीच्या एमआयडीसीत लागलेत, बरं चाललंय त्यांचं. आई त्यांच्याकडेच असते. वास्तुशांतीला हॉलमध्ये तुमचा मोठा फोटो लावायचा ठरला, दोन फूट रुंद. माझ्याकडून फोटो मागवला. दाजी फोनवर म्हणाले, "तुजा फोटो दोन मेगापिक्सेलचा हाय ना, मी माज्या फोननं त्याचा फोटो काढलोय. माजा पन्नासचा हाय. झाला का न्हाय पन्नासचा?" मी म्हणालो, "दाजी, टॉवेलाचा फोटो चांगल्या फोननं काढला म्हणून टॉवेलाची शाल हुती का?" ते हसले, वाईट नाहीत ते. मग फोटो मोहोळच्या स्टुडिओत दिला, आणि स्टुडिओवाल्यानं तो फोटो सुधारणाऱ्या एआय मशीनला खाऊ घातला. आठ दिवसांनी अक्कानं मला पाठवला.

अप्पा, तुम्हाला कोट घातलाय. निळा टाय. कपाळाला सरळ विभूती, गाल गुळगुळीत, मागे कुठल्या तरी बंगल्याचा पडदा. आडवा हात गायब. आणि डावी भुवई अखंड. मागावर आडवा धागा नेणारा धोटा उडून लागला होता तुम्हाला, तुम्ही अजून माग चालवत होता तेव्हा, त्या जागी भुवई कधी उगवली नाही. माझ्या फोटोत ती जागा आहे. चार-पाच चौकोन, बाकीच्यांपेक्षा फिकट. मशीनला वाटलं घाण आहे, भरून टाकली. त्याच्याकडे लाखो माणसांचे चेहरे आहेत, त्यातून त्यानं एक भुवई आणली आणि तुम्हाला लावली. कोणाची आहे कोण जाणे.

मी अक्काला फोन लावला. म्हणालो, "ह्यो माणूस आपला न्हाय. काढ ते." ती म्हणाली, "किती साहेबासारखे दिसत्यात रे. तुला कायबी चांगलं बगवत न्हाय." मी म्हणालो, "तुज्या पोरांनी अप्पांना बघितलेलं न्हाय. ती ह्यालाच आजोबा म्हणणार जन्मभर." तेव्हा ती चिडली. "तू येणार हायस का वास्तुशांतीला? न्हाईस की. मग तितं बसून हुकूम कशाला सोडतोस? अप्पांवर गेलास अगदी." शेवटचं वाक्य तिनं शिवी म्हणून वापरलं. मागून आईचा आवाज आला, सावकाश. "असू दे की. जित्तेपणी कोट कुटं मिळाला त्यास्नी."

मी फोन ठेवला. पण ऐकलं नाही. आईचं म्हणणं खरं आहे, आणि तरी तो माणूस तुम्ही नाही. दोन्ही एकदम.

मग मी आमच्या मोठ्या स्क्रीनवर तुमचा मूळ फोटो उघडला. ताट, तवा, आईचा पदर, उंबरा, सगळं सोडून फक्त चेहऱ्याभोवती चौकट ओढली. तीनशे आडवे, चारशे उभे. एक लाख वीस हजार. एकोणीस लाख वीस हजारांतले एवढेच तुम्ही. बारीक, स्वच्छ छापायचं तर टपालाच्या तिकिटाएवढं चित्र होतं. दोन फूट रुंद करायचं तर एकेक चौकोन दोन मिलिमीटरचा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की चौकोनांच्या कडा पुसून मऊ करतं. मी ते बंद केलं. म्हटलं, चौकोन दिसू देत. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही.

इथं तुम्ही मला पकडाल, म्हणून आधीच सांगतो. कॅमेऱ्याचा एक चौकोन सगळे रंग बघत नाही. एक लाल बघतो, दुसरा हिरवा, तिसरा निळा, आणि उरलेले दोन रंग तो शेजाऱ्यांकडे बघून भरतो. म्हणजे खऱ्या फोटोतही अंदाज आहेच, आणि निम्म्याहून जास्त आहे. हे मला इथंच कळलं. पण अप्पा, शेजारचा चौकोन म्हणजे कोण? तुमच्याच गालाचा. त्याच दुपारी, त्याच दारातून आलेल्या उजेडात. तुमचा गाल तुमच्या भुवईला विचारतोय. परक्या माणसांना नाही विचारत. तुम्ही म्हणायचा, हातानं मोजून भरलेला नाही तो चौकोन फुकटचा. मला नाही पटत. हे एक लाख वीस हजार कोणी हातानं भरले नाहीत, तरी एकही फुकटचा नाही.

कॅनव्हासवर छापलं. गावाकडं जाणाऱ्या एकाच्या सामानात गुंडाळून दिलं. अक्कानं उघडलं आणि व्हिडिओ कॉल लावला. "हे काय रे, नुसती फरशी!" दाजी म्हणाले, "खराब झालं काय रस्त्यात?" मी म्हणालो, "भिंतीला धरा आन् मागं सरका. अजून. पार दारापर्यंत." फोन हलत होता, मला त्यांचे पाय आणि नव्या घराची फरशी दिसत होती. मग पाय थांबले. दाजी म्हणाले, "आयला." आई म्हणाली, "हात कापलास व्हय त्यांचा? जेवताना कायम तसाच करायचे, नको म्हणून. नको म्हणायचे आन् वाढलं की खायचे."

हॉलमध्ये शेवटी कोटवालाच लागला. पाहुण्यांचं घर आहे, अक्काचं घर आहे, मला मान्य. माझा स्वयंपाकघरात लागला, आई बसते त्याच्या समोर. अक्काला वाटलं मी भांडेन. मी कशाला भांडू? पाहुण्यांनी त्या साहेबाला हार घालावा खुशाल. पोरं पाणी प्यायला दिवसातनं वीस वेळा आत जाणार, आणि दारातनंच जाणार.

हे तुम्हाला मोजून दाखवायचं होतं. तुम्ही असता तर चूक काढली असती, आणि या वेळी मी गप्प बसलो नसतो.

एक राहिलं. अक्काला सांगितलेलं नाही. त्या भांडणानंतर मीपण माझ्या फोनवर असलंच एक ॲप घेतलं आणि तुमचा तोच फोटो त्यात टाकला, बघावं किती खोटं करतंय म्हणून. त्यात हसण्याचं बटण होतं. दाबलं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. भुवई अखंड, दात कोणाचे तरी, सगळं खोटं. बारा मेगापिक्सेलचा आहे तो फोटो, खऱ्याच्या सहापट. पुसायला घेतो रोज, आणि अजून पुसलेला नाही.